देहाबाहेर नेलेले यकृत

कर्करोगाच्या गाठी यकृतभर विखुरल्या की शल्यचिकित्सकाला त्या कापून काढता येत नाहीत. आणि सर्व यकृतावर बाहेरून तीव्र किरण सोडावेत, तर निरोगी भागच आधी निकामी होतो. डिसेंबर २००१ मध्ये इटलीतील पाविया येथे झोंटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी वाट धरली. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेल्या एका रोग्याला त्यांनी शिरेवाटे बोरॉनयुक्त द्रव्य दिले. कर्कपेशी ते निरोगी पेशींहून अधिक शोषतात. मग यकृत देहाबाहेर काढून विद्यापीठाच्या अणुभट्टीत नेले, सुमारे दहा मिनिटे मंदगती न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवले आणि त्याच रोग्याच्या पोटात पुन्हा जोडले. तेवढा वेळ तो मनुष्य यकृताविना शस्त्रक्रियागृहात पडून होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या धाडसाची कल्पना येते.

न्यूट्रॉन शोषताच बोरॉनचा अणुगर्भ फुटतो. त्यातून निघणारे आल्फा व लिथियमचे कण जेमतेम एका पेशीच्या रुंदीइतकेच अंतर जातात. ठिणगी जिच्या घरात, घर जळते तिचेच.

पहिला रोगी ४४ महिने जगला. अखेर रोग उलटला. २००३ मधील दुसरा रोगी मात्र सुमारे महिन्याभरातच दगावला. पावियात या रीतीने उपचार झाले ते या दोघांवरच.