लोड घेऊ नको, पण कोणता?

आजचं चिंतन गीतेच्या नवव्या अध्यायातल्या २२ व्या श्लोकावर.

श्लोकाकडे जाण्याआधी एक इंग्रजी शब्द बघू: 'लोड'. ट्रकमध्ये माल लोड होतो, नेट स्लो असलं की पेज लोड होत नाही, सेलच्या दिवशी सर्व्हरवर लोड येतो. वीजबिलावर तोच 'मंजूर भार' असतो आणि लोडशेडिंगचं भारनियमन होतं. मित्र टेन्शनमध्ये दिसला की आपण म्हणतो, "लोड घेऊ नको यार." गंमत म्हणजे बैठकीवर टेकायला ठेवतो तो आपला मराठी लोड. त्याच्यावर आपणच भार टाकतो!

मग "लोड घेऊ नको" म्हणजे नक्की काय सोडायचं? काम की काळजी?

आमच्या ऊर्जानगरचं वीज केंद्र २९२० मेगावॉटचं. ५०० चे पाच संच, २१० चे दोन. इथे लोड म्हणजे विजेची मागणी. चालत्या संचावरचा लोड अचानक गेला तर त्याला आराम मिळत नाही, उलट टर्बाइनचा वेग वाढायला लागतो आणि वाफ लगेच रोखावी लागते. म्हणजे लोड हवाच. पण अख्ख्या राज्याचा लोड कुठलाच संच एकटा उचलत नाही. सगळे ग्रिडला जोडलेले असतात. प्रत्येकाने आपल्या वाट्याचं करायचं आणि जोडलेलं राहायचं.

आता गीता. दुसऱ्या अध्यायात, ४५ व्या श्लोकात, भगवंत अर्जुनाला 'निर्योगक्षेम' हो म्हणतात. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार योग म्हणजे जे नाही ते मिळवणं आणि क्षेम म्हणजे मिळालेलं जपणं. नोकरी लागेल का? लागली तर टिकेल का? आपली बहुतेक काळजी या दोन शब्दांत मावते. ती सोडायची, पण ठेवायची कुठे? त्याचं उत्तर आजच्या श्लोकात आहे. जे अनन्यभावाने माझ्याशी नित्य जोडलेले राहतात, त्यांचा योगक्षेम मी वाहतो, असं देव सांगतो. क्रियापद 'वाहणे' आहे, ओझं वाहतात तेच.

अर्जुनाचं युद्ध मात्र सुटलं नाही. आठव्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात स्मरण आणि लढणं, दोन्ही एकदमच सांगितलंय. काम आपलं, काळजी त्याची.

सगळं मनासारखंच होईल, असं वचन यात नाही. आई आजारी असेल तर औषध वेळेवर देणं, डॉक्टरांकडे नेणं, रात्री उशाशी बसणं आपल्याकडेच राहतं. "पुढे काय होईल" हे ओझं मात्र एकट्याने वाहायचं नाही.

आज एवढं करून बघा. कागदावर दोन रकाने आखा, 'काम' आणि 'काळजी'. पहिल्या रकान्यातलं एक तरी आजच उरका. दुसरा रकाना रात्री नामस्मरणाला बसताना देवासमोर वाचा आणि लोडाला पाठ टेकतो तसा भार त्याच्यावर टाका.

रामकृष्ण हरी!