वाटेवरची कुत्री आणि आपला शेजारधर्म

सकाळची प्रार्थना आटोपून मुले वर्गात शिरतात, त्या वेळी शाळेच्या फाटकाशी दोन-चार कुत्री नित्य बसलेली असतात. मधल्या सुटीतील भाकरीच्या तुकड्यांवर त्यांची दृष्टी असते. एक मुलगा तुकडा टाकतो, तर दुसरा दगड मारतो. एके दिवशी आमच्या वर्गात यावरूनच वाद निघाला. एक पक्ष म्हणाला, "गुरुजी, ही कुत्री मारून टाकावी; ती चावतात." दुसरा म्हणाला, "मुकी जनावरे आहेत, त्यांस रोज खावयास घालावे." खरे कोणते, असा प्रश्न आम्हांस करण्यात आला. इतक्यात घंटा झाली व उत्तर अपुरे राहिले. ते आज येथे पुरे करावे, असे योजिले आहे.

हा वाद नवा नाही. जुन्या मुंबईत मोकाट कुत्री सरकारी हुकुमाने मारली जात, आणि मारणारास प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. १८३२ साली या मोहिमेची मुदत वाढविण्यात आली. पारशी समाज कुत्र्यास पवित्र मानतो. त्यांच्या अंत्यविधीत मृतावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा 'सगदीद' नावाचा संस्कार आहे. त्यामुळे ६ जून १८३२ रोजी शहरात दंगल उसळली आणि दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली. दंगल केव्हाही निंद्यच होय. परंतु पुढे जे झाले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १८३४ साली जमशेटजी जीजीभाई प्रभृती सद्गृहस्थांनी पुढाकार घेऊन मुंबईची पांजरपोळ स्थापिली. संताप एका दिवसात ओसरतो. संस्था मात्र पिढ्यानुपिढ्या टिकते. ती पांजरपोळ भुलेश्वराजवळ आजही आहे.

तथापि कुत्री मारणे त्यानंतरही दीडशे वर्षांहून अधिक काळ चालूच राहिले, आणि तरीही मुंबईतील कुत्री संपली नाहीत. याचे कारण सृष्टिक्रमातच आहे. ज्या गल्लीत उकिरडा आहे, तेथे अन्न आहे. तेथील कुत्री नाहीशी झाली, तर शेजारच्या भागातील कुत्री त्या मोकळ्या जागी येतात. मादीस सुमारे नऊ आठवड्यांत पिले होतात व वर्षातून एकदा किंवा दोनदा ती विते. तेव्हा उणीव लवकरच भरून निघते. हे ओळखून १९९४ च्या सुमारास मुंबईत मारण्याऐवजी नसबंदीचा मार्ग धरण्यात आला, आणि १९९८ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यास बळकटी दिली.

आता पहिल्या पक्षाची बाजू घेऊ. कारण त्याची भीती खोटी नाही. आमच्या बालपणी शेजारच्या एका मुलास कुत्रे चावले. जखम लहान होती. घरच्यांनी तीवर मिरची व चुना भरला, एका जाणत्याकडून दोरा बांधून घेतला, आणि मूल खेळू लागले म्हणून सर्व निश्चिंत झाले. दोन महिन्यांनी त्यास पाण्याचे भय वाटू लागले. पुढील गोष्ट आम्ही येथे लिहीत नाही. इतकेच सांगतो की, त्या मातेने पुढे कित्येक दिवस घरातील पाण्याचा घडा पदराने झाकून ठेवला होता.

या रोगाचे विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतात. ते जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूपर्यंत जातात. या प्रवासास बहुधा एक ते तीन महिने लागतात. मेंदूत ते पोहोचून लक्षणे दिसू लागली की रोगी प्रायः वाचत नाही. परंतु त्यापूर्वीचा अवधी हा परमेश्वराने आपणांस दिलेला अवसरच होय. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलास प्रथम लस टोचविली, आणि तो मुलगा वाचला. आपल्या देशात या उपचारासाठी कसौली येथे १९०० साली व कुन्नूर येथे १९०७ साली संस्था निघाल्या. आज ती लस सरकारी रुग्णालयांत मिळते. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने हे पाठ करावे: कुत्रे चावल्यास अथवा ओरखडल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तीवर मिरची, चुना, तेल, हळद काहीही लावू नये, त्याच दिवशी रुग्णालयात जावे, आणि सांगितलेल्या तारखांस सर्व सुया घ्याव्या. जखम खोल असल्यास लसीखेरीज आणखी एक औषध जखमेतच टोचावे लागते. मारतील या भयाने घरी लपवून ठेवू नये. पालकांसही आमची विनंती आहे की, चावा सांगणाऱ्या मुलास रागे भरू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात, आणि त्यांत दहांपैकी चार पंधरा वर्षांच्या आतील मुले असतात. बहुतेक सर्व प्रसंगी रोग कुत्र्यापासूनच येतो. पण गावातील शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांस लस टोचली, तर त्याची साखळी तुटते. आपल्या शेजारच्या गोव्यात हे प्रत्यक्ष घडले. तेथे 'मिशन रेबीज' या संस्थेने व सरकारने मिळून गावोगाव फिरून कुत्र्यांस लस दिली आणि शाळाशाळांतून मुलांस धडे दिले. २०१७ नंतरच्या वर्षांत तेथे माणसांचे मृत्यू थांबले, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले. तेथे मुले वाचली ती कुत्री मारून नव्हे, तर कुत्र्यांची काळजी घेऊन. वादातील दोन्ही पक्षांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा.

आमच्या नागभीडास याचे आणखी एक कारण आहे. आपण अरण्याच्या उंबरठ्यावर राहतो. घोडाझरीचे अभयारण्य जवळ आहे, आणि पलीकडे ताडोबा आहे. बिबट्या गावात शिरतो तो पुष्कळदा कुत्र्याच्या मागाने. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले भागात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहाराचा सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच आढळला. तसेच २०१८ साली गुजरातेतील गीरच्या वनात 'डिस्टेंपर' या रोगाने अनेक सिंह दगावले. हा रोग गावच्या कुत्र्यांतही असतो. सारांश, उघडा उकिरडा कुत्र्यांस पोसतो, कुत्री बिबट्यास बोलावतात, आणि गावचा रोग वनात जातो.

मग करावे काय? २०२३ च्या पशु जन्म नियंत्रण नियमांनी कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण हे काम स्थानिक स्वराज्य संस्थेकडे सोपविले आहे. असे कुत्रे ओळखण्यासाठी त्याच्या कानास छोटा काप देतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर वाटेल तेथे खाऊ घालण्यास मनाई करून त्यासाठी ठराविक जागा नेमण्यास सांगितले. आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री निवाऱ्यात हलवावी, असा हुकूम केला. अर्थात निवारा म्हणजे नुसते कुंपण नव्हे. तेथे अन्न, पाणी, सावली व वैद्य हवा, आणि यास पैसा व माणसे लागतात. तेथेच समाजाच्या साहाय्याची खरी गरज आहे.

सबब आमचे उत्तर असे. दगड मारणे आजच बंद व्हावे. फाटकाशी तुकडे टाकणेही बंद व्हावे. ते अन्न नगर परिषदेने नेमलेल्या जागी, ठरलेल्या वेळी पोहोचवावे. शिळे अन्न उघड्यावर फेकू नये. प्रत्येक आळीतील दोन मोठ्या मुलांनी आपल्या भागातील कुत्री मोजावी, कानास काप असलेली किती व नसलेली किती याची वही ठेवावी, आणि ती पालकांच्या सहीने नगर परिषदेस द्यावी. मोजणी दुरूनच करावी. पिले असलेल्या मादीजवळ जाऊ नये. ज्यांच्या घरी कुत्रे आहे, त्यांनी त्यास दरवर्षी लस टोचवावी. उन्हाळ्यात पाण्याचे एक टोपले सावलीत ठेवावे. नसबंदी व लसीकरण करणारे पथक गावात यावे, यासाठी पालकांनी एकमुखाने अर्ज करावा.

धर्मराजाने आपल्यामागून आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारले, ही कथा आपण सर्व जाणतो. प्रभू येशूने सांगितलेल्या एका दाखल्यातही श्रीमंताच्या दारी पडलेल्या दीन लाजाराजवळ आली ती कुत्रीच. त्या घरात अन्न पुष्कळ होते. उणीव होती ती दाराबाहेर पाहणाऱ्या दृष्टीची. आमच्याही शाळेस फाटक आहे. त्याच्या आत मुले निर्भय असावी, आणि त्याच्या बाहेरील मुका जीव उपाशी व रोगी असू नये. ही दोन कामे निराळी नसून एकच आहेत, इतके जरी या पाठातून मुलांनी घेतले, तरी त्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर पुरे झाले, असे आम्ही समजू.