साखरेऐवजी मोहफुले : गृहबेकिंग व रोजच्या पदार्थांतील उपयोग

दुर्ग-भिलाईच्या परिसरातील गावांमध्ये मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाच्या झाडांखाली मांसल फुलांचा सडा पडतो. छत्तीसगढीत त्याला महुआ म्हणतात, तर विदर्भातून येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तो मोह म्हणूनच परिचित आहे. या फुलांची ओळख बहुधा दारूशीच जोडली जाते, हे त्यांच्यावर अन्यायकारक आहे. वाळलेल्या फुलांच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो आणि आदिवासी घरांतून त्यांची भाकरी व लाडू पूर्वापार होत आले आहेत.

पाक करण्यासाठी फुले जाळीवर किंवा स्वच्छ कापडावर गोळा केलेली असावीत. झाडाखालचा पालापाचोळा जाळून वेचलेल्या फुलांत राख व खडे राहतात. शिवाय त्या आगीने रोपेही मरतात. वाळलेल्या फुलांतील केसर चोळून काढावेत, फुले दोन-तीन पाण्यांनी धुवावीत आणि बुडेल इतक्या पाण्यात मऊ शिजवून गाळून घ्यावीत. गाळलेला रस काकवीइतका दाट होईपर्यंत आटवावा. भिजवलेली फुले उन्हाळ्यात लवकर आंबतात, म्हणून त्याच दिवशी शिजवणे आवश्यक आहे.

बेकिंगमध्ये साखर केवळ गोडी देत नाही. लोण्याबरोबर फेटताना तिचे स्फटिक हवा धरून ठेवतात. पाकाला ते साधत नाही. त्यामुळे लोणी-साखर फेटून फुगवायच्या केकपेक्षा सोडा किंवा बेकिंग पावडरवर फुगणाऱ्या कणकेच्या केकसाठी हा पाक अधिक योग्य ठरतो. कुरकुरीत बिस्किटे मात्र त्याने मऊ पडतात. 100 ग्रॅम साखरेऐवजी सुमारे 125 ग्रॅम दाट पाक घ्यावा व दूध दीड-दोन मोठे चमचे कमी करावे. पाकातील ग्लुकोज व फ्रुक्टोजमुळे केक लवकर तांबूस होतो. 180 अंशांऐवजी 160 ते 165 अंशांवर थोडा अधिक वेळ भाजल्यास आतून कच्चा राहत नाही.

गुळाचा वापर बहुतेकांना ठाऊक आहेच. खिरीत तो भांडे उतरवून किंचित निवल्यावर घालावा, म्हणजे दूध फाटत नाही. बिया काढलेला खजूर समभाग कोमट पाण्यात भिजवून वाटल्यास तंतूंसह गोडी मिळते. लाडू-वड्यांत तो उत्तम.

एक गैरसमज मात्र धोकादायक आहे. गूळ, मध, मोहाचा पाक ‘नैसर्गिक’ आहेत म्हणून मधुमेही व्यक्तीला ते मोकळेपणाने दिले जातात. रक्तातील शर्करा यांनीही वाढते आणि उष्मांकही साखरेहून फारसे कमी नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शनानुसार अशा मुक्त शर्करेतून दिवसाच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा मिळावी. 2000 उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा सुमारे 50 ग्रॅम येते आणि तिच्यात मध व पाकही मोजले जातात. एक वर्षाखालील बाळाला तर मध मुळीच देऊ नये.

स्टीव्हियातील गोड घटक साखरेच्या 200 ते 300 पट गोड असून रक्तशर्करा वाढवीत नाहीत. परंतु चिमूटभर पूड 100 ग्रॅम साखरेचे आकारमान भरून काढू शकत नाही. केक बसका होतो. तेथे कुस्करलेले केळे किंवा सफरचंदाचा गर घालावा लागतो, आणि त्यातील शर्कराही हिशेबात धरावी लागते. चहा-सरबतात ही अडचण येत नाही.

मोहाचा पाक गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा. वाळलेली फुले हवेतील ओल झटकन शोषतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी ती घट्ट झाकणाच्या डब्यात भरावीत आणि बुरशी दिसल्यास पूर्ण डबा टाकून द्यावा.