लडाखचे गोठलेले तळे आणि प्रादेशिक आइस हॉकी

डिसेंबर अर्धा सरला, की लेह शहरातील कारझू तळ्याच्या काठी सायंकाळनंतर माणसांची ये-जा वाढते. दिवसा उन्हाने किंचित सैल झालेला बर्फाचा पृष्ठभाग झाडून काढावयाचा, पडलेल्या भेगा बुजवावयाच्या आणि रात्र चढली म्हणजे त्यावर पाण्याचा पातळ थर पसरावयाचा, असा हा क्रम असतो. उजाडेपर्यंत त्या थराची काच झालेली असते. या काचेवर जानेवारी-फेब्रुवारीत लडाखच्या निरनिराळ्या खोऱ्यांतील, तसेच देशाच्या इतर प्रदेशांतील पुरुष संघ आइस हॉकीच्या स्पर्धेसाठी उतरतात. मैदानाची मशागत हा कोणत्याही खेळाचा पूर्वतयारीचा भाग असतो; येथे मात्र मैदान दर वर्षी नव्याने निर्माण करावे लागते आणि दोन महिन्यांनी ते वाहून जाते. या स्पर्धांचे वेळापत्रक, संघांची बलाबले आणि पुढील अडचणी यांचा उगम या एका गोष्टीत आहे.

मराठीत आपण हिम आणि बर्फ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. या विषयापुरता भेद करणे सोयीचे ठरेल. आकाशातून पडते ते हिम; पाणी गोठून होतो तो बर्फ. स्कीइंगला हिम लागते, आइस हॉकीला बर्फ. लडाख हा पर्जन्यछायेतील कोरडा प्रदेश असल्यामुळे तेथे हिमवर्षाव बेताचाच होतो. परंतु थंडी कडाक्याची असते. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे व तेथील हिवाळी रात्री तापमान शून्याखाली १५ ते २० अंशांपर्यंत सहज उतरते. हॉकीच्या बर्फाला हे हवामान मानवते, कारण वरून पडणारे हिम हा या खेळात अडथळाच असतो.

खेळाचे स्वरूप

मैदानी हॉकी ज्यांच्या परिचयाची आहे त्यांना हा खेळ समजण्यास वेळ लागत नाही, तरी काही फरक मूलभूत आहेत. एका वेळी प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू बर्फावर असतात. त्यांपैकी एक गोलरक्षक. चेंडूऐवजी कठीण रबराची चपटी चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. तिचा व्यास तीन इंच, जाडी एक इंच आणि वजन साधारण १६० ग्रॅम असते. सामना प्रत्येकी वीस मिनिटांच्या तीन सत्रांत विभागलेला असतो. रिंकण म्हणजे सुमारे ६० मीटर लांब व ३० मीटरपर्यंत रुंद, चारही बाजूंनी फळ्यांनी बंदिस्त केलेली जागा. त्यामुळे पक सीमेबाहेर जाण्याऐवजी फळीवर आदळून परत येतो आणि खेळ थांबत नाही. गोलच्या मागील जागेतही खेळता येते. दोन निळ्या रेषांनी रिंकणाचे तीन भाग पडतात व पक निळी रेषा ओलांडून आत जाण्यापूर्वी आक्रमक खेळाडूला तेथे शिरता येत नाही. नियमभंग करणाऱ्यास बहुधा दोन मिनिटे बाहेर बसावे लागते आणि तेवढा वेळ त्याचा संघ एक गडी कमी घेऊन खेळतो.

वेगामुळे खेळाडू फार लवकर थकतात. पाऊण-एक मिनिट झाले, की खेळ चालू असतानाच त्यांची अदलाबदल होते. म्हणून संघात वीसेक खेळाडू लागतात आणि प्रत्येकाला शिरस्त्राण, छातीचे व खांद्याचे कवच, पायांची पॅडे, हातमोजे, स्केटचे बूट व काठी असा सुमारे दहा किलोंचा सरंजाम लागतो. गोलरक्षकाचा तर याहून अधिक. हा खेळ श्रीमंत देशांपुरता राहिला याचे एक कारण या सरंजामातच आहे.

बुटाला ठोकलेली पाती

भारतात बर्फावरील स्केटिंगची सुरुवात सिमल्याची मानली जाते. तेथील नैसर्गिक रिंकण १९२० पासूनचे आहे. लडाखमध्ये हा खेळ १९७० नंतरच्या दशकात सीमेवरील जवानांमुळे आला. हिवाळ्यात रस्ते बंद, कामे मर्यादित आणि सभोवती गोठलेली तळी, अशा स्थितीत जवानांनी स्केटिंग सुरू केले. गावातील मुलांनी ते पाहिले. लष्करी बुटांच्या तळव्याला लोखंडी पाती बसवून घरगुती स्केट तयार झाले. मैदानी हॉकीच्या काठ्या, क्रिकेटची पॅडे, जे हाती येईल ते वापरात आले. पुढे कॅनडा आणि इतर देशांतील हितचिंतकांनी वापरलेले साहित्य पाठविले व एकच जोड पाळीपाळीने अनेकांच्या पायांत जाऊ लागला.

भारतीय आइस हॉकी संघटना १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य झाली. प्रत्यक्ष आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी मात्र पुरुष संघाला २००९ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी अबू धाबी येथील आशिया चॅलेंज चषकात भारत प्रथम खेळला. २०१५ मध्ये कुवेतच्या स्पर्धेला जाण्यासाठी पैसा नव्हता, तो लोकवर्गणीतून उभा करावा लागला. ज्या संघाने वर्षातील दोन महिने तळ्यावर सराव केला, तो बंदिस्त रिंकणावर बारमाही खेळणाऱ्यांसमोर उभा राहतो, एवढी गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या पहिल्या वर्षांतील मोठ्या पराभवांचे नवल वाटत नाही.

बर्फाची मशागत

पाणी गोठविणे सोपे वाटते. खेळण्याजोगा बर्फ करणे हे कौशल्याचे काम आहे. पाणी चार अंश तापमानाला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी वर राहते, म्हणून तळे वरून खाली गोठत जाते. खोल तळ्यातील सर्व पाणी चार अंशांपर्यंत उतरल्याखेरीज पृष्ठभाग गोठू लागत नाही. उथळ तळ्यात हे लवकर घडते. याच कारणाने रिंकणासाठी गुडघाभर पाण्याची तळी किंवा बांध घातलेली सपाट जागा पसंत करतात. एक माणूस निर्धोक उभा राहण्यास किमान चार इंच जाडीचा अखंड बर्फ हवा, आणि सामन्याच्या वेळी तर बारा खेळाडू व पंच त्यावर एकाच वेळी धावत असतात.

सपाट जमिनीवर बर्फ करावयाचा असल्यास प्रथम जमीन गोठू द्यावी लागते, अन्यथा पाणी जिरून जाते. त्यानंतर थरावर थर. एकदम पुष्कळ पाणी सोडले तर वरचा पापुद्रा गोठतो आणि खाली पोकळी किंवा पाणी राहते. खेळाडूचे पाते तेथे रुतते. पातळ थर मात्र कडाक्याच्या रात्री काही मिनिटांतच धरतो. दिवसाचा शत्रू म्हणजे ऊन. उंचीवरील स्वच्छ हवेत ते इतके प्रखर असते, की हवेचे तापमान शून्याखाली असूनही बर्फ ओलावतो. वाऱ्याने आलेली वाळू, सुके पान, एखादा खडा अशा गडद वस्तू उष्णता शोषून घेतात आणि बर्फात खळगे पाडतात. सबब पृष्ठभाग सतत झाडावा लागतो आणि सामने शक्यतो सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर ठेवतात. मोठ्या शहरांतील रिंकणावर जे काम यंत्र दहा मिनिटांत करते, ते येथे फावडी, खराटे आणि रात्री जागणारी माणसे करतात.

या माणसांविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. लडाखच्या गावांत हिमनद्यांतून येणारे पाणी ‘झिंग’ नावाच्या तळ्यांत साठविण्याची आणि त्याच्या वाटपासाठी ‘चुरपोन’ नेमण्याची जुनी पद्धत आहे. चुरपोन म्हणजे आपल्याकडील पाटकरीच. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीचा ज्यांना परिचय आहे त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. पाणी सर्वांचे, पाळी ठरलेली, बांधाच्या दुरुस्तीला घरटी एक माणूस, हा रिवाज अंगवळणी असलेल्या समाजाला हिवाळ्यात सामुदायिक रिंकण उभारणे अवघड गेले नाही. खेळाच्या सुविधांची चर्चा करताना इमारत आणि अनुदान यांचा विचार प्रथम होतो. लडाखमध्ये या खेळाची पहिली तीन दशके श्रमदानावर निभावली.

कोणाचा संघ, कोणता प्रदेश

लडाखमधील स्पर्धांचा पाया गाव आणि खोरे हा आहे. लेह, शाम, नुब्रा, चांगथांग, झंस्कार, पुरिग, द्रास ही केवळ भौगोलिक नावे नाहीत. बोलीचे, पेहरावाचे आणि अभिमानाचे ते विभाग आहेत. लेहच्या स्वायत्त पर्वतीय विकास परिषदेच्या मुख्य कार्यकारी पार्षदाच्या नावे होणाऱ्या ‘सी. ई. सी.’ चषकात गावांचे, संस्थांचे व दलांचे संघ खेळतात आणि तळ्याच्या काठावर उभे राहून प्रेक्षक आपापल्या गावाला ओरडून प्रोत्साहन देतात. चांगथांगच्या उंच पठारावरील चिब्रा कारग्याम येथे २०१८ मध्ये ४,३६१ मीटर उंचीवर झालेल्या सामन्याची सर्वाधिक उंचीवरील आइस हॉकी सामना म्हणून जागतिक विक्रमात नोंद झाली.

यापुढची पायरी राष्ट्रीय अजिंक्यपदाची आणि २०२४ पासून लेह येथे होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांची. या स्पर्धांतील बर्फावरचे खेळ नवांग दोर्जन स्तोबदान क्रीडांगण आणि गुपुक्स तळे येथे झाले. येथे राज्यांच्या संघांबरोबर भूसेना व भारत-तिबेट सीमा पोलीस दल यांचेही संघ असतात, आणि पुरुषांच्या गटात त्यांचाच वरचष्मा राहतो. २०२५ च्या खेलो इंडिया स्पर्धेत पुरुषांचा अंतिम सामना या दोन दलांतच होऊन भूसेनेने सुवर्णपदक मिळविले.

या निकालाचा अर्थ लावताना घाई करू नये. दोन्ही दलांच्या संघांत मोठा भरणा लडाखी तरुणांचाच असतो. गावच्या तळ्यावर खेळू लागलेला मुलगा चमकला, की त्याला दलात नोकरी मिळते; वेतन, साहित्य, आहार आणि सरावाचा वेळ मिळतो. हे त्याच्या व त्याच्या घराच्या दृष्टीने निःसंशय हिताचे आहे. डोंगराळ, अल्प रोजगाराच्या प्रदेशात खेळाने नोकरी मिळवून द्यावी याहून अधिक काय हवे? पण त्याची दुसरी बाजूही आहे. लडाखच्या नावाने उतरणारा संघ दर वर्षी आपले कसलेले गडी गमावतो आणि अंतिम फेरीत आपल्याच मुलांना प्रतिस्पर्धी म्हणून पाहतो. केंद्रशासित प्रदेश झाल्यापासून, म्हणजे २०१९ नंतर, लडाखला स्वतःच्या नावाने खेळण्याची संधी मिळाली. या संधीचे सोने व्हावयाचे असेल तर नागरी सेवांतही खेळाडूंना जागा मिळणे अगत्याचे आहे.

मैदानी राज्यांची अडचण याहून निराळी. त्यांच्याकडे बर्फच नाही. तेथील खेळाडू चाकांच्या स्केटवर तयार होतात. गुरुग्रामच्या एका व्यापारी संकुलातील छोट्या रिंकणासारख्या जागी थोडाफार सराव करतात आणि स्पर्धेपुरते लेहला येतात. चाकांवरचा तोल बर्फावर उपयोगी पडतो. महाराष्ट्राच्या खेळाडूंनी खेलो इंडियाच्या बर्फावरील स्केटिंगमध्ये पदके मिळविली, ती याच पायावर. हॉकीत मात्र पात्याच्या कडेवर एकाएकी थांबणे, उलट्या दिशेने धावणे, धडक सोसणे हे सर्व बर्फावरच शिकावे लागते. त्यातच हवेचा प्रश्न. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. दिल्लीहून विमानाने दीड तासाच्या आत पोचलेल्या खेळाडूने पहिले दोन दिवस विश्रांतीत घालविणे आवश्यक असते. तसे न केल्यास डोकेदुखी, मळमळ व गंभीर प्रसंगी फुप्फुसांत पाणी साचणे असे विकार उद्भवतात. मुक्कामाचा खर्च वाचविण्यासाठी संघ आदल्या दिवशी नेऊन दुसऱ्या दिवशी खेळविणे हे व्यवस्थापकांनी कटाक्षाने टाळले पाहिजे.

महिलांचा उल्लेख या लेखाच्या मर्यादेबाहेरचा असला, तरी टाळता येत नाही. त्याच तळ्यांवर, पुष्कळदा मुलांचा सराव आटोपल्यावर उरलेल्या वेळात शिकलेल्या मुलींच्या संघाने २०२५ मध्ये अल ऐन येथील आशिया चषकात कांस्यपदक जिंकले.

आखूड होणारा हिवाळा

तळ्यावरील खेळाला डिसेंबरच्या अखेरपासून फार तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत अवधी मिळतो. थंडी उशिरा पडली, की आधी सराव कापला जातो, मग सामने एकावर एक येतात. हिमालयातील हिवाळा आता भरवशाचा राहिलेला नाही. २०२५ मध्ये खेलो इंडियाचे लेह येथील बर्फावरचे सामने जानेवारीत ठरल्याप्रमाणे पार पडले. गुलमर्ग येथील हिमावरचा भाग मात्र पुरेशा हिमाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला.

जमिनीखाली नळ्या घालून त्यांतून शीतद्रव खेळविला, की बर्फ हवामानावर अवलंबून राहत नाही. परंतु अशा रिंकणाला वीज लागते आणि विजेचे देयक दर महिन्याला येते. डेहराडून येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंकण बांधण्यात आले. स्पर्धा संपल्या, ते चालविण्याचा खर्च पेलला नाही आणि दशकाहून अधिक काळ ते बंद राहिले. २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. ज्या वर्षांत ते बंद होते त्या वर्षांत लेहची मुले तळ्यावरच शिकत होती. नवे रिंकण मंजूर करताना बांधकामाच्या रकमेइतकाच विचार पुढील दहा वर्षांच्या विजेचा, तंत्रज्ञांचा आणि ते कोणाच्या ताब्यात राहील याचाही झाला, तरच ते उपयोगी पडेल.

फेब्रुवारी संपता संपता तळ्यावरचा बर्फ दुपारी पायाखाली करकरू लागतो. गोलच्या जाळ्या व फळ्या काढून ठेवण्यात येतात. नोकरीतील खेळाडू आपापल्या ठाण्यांवर परततात. एप्रिल-मे महिन्यांत जवाच्या पेरणीची वेळ आली, की गावोगावी चुरपोन पाण्याच्या पाळ्या लावू लागतो आणि झिंगचे बांध दुरुस्तीला निघतात.