खाऱ्या पाण्यातील नवीन शोभिवंत माशांवरील पांढरे ठिपके : ओळख व उपाय

कोकण किनाऱ्यावरील काही बागायतदार व महिला बचत गट जोडधंदा म्हणून खाऱ्या पाण्यातील शोभिवंत मासे, विशेषतः क्लाऊनफिश, पाळू लागले आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या पैदाशीचे तंत्र बसविल्यापासून हॅचरीत वाढलेली पिल्ले विकत घेता येतात. धंदा कमी जागेत होतो, पण जिवंत माल महाग असतो. त्यामुळे एका चुकीची किंमतही मोठी असते.

अशीच एक चूक आमच्या पाहण्यात आली. एका बागायतदाराने वीस नवीन मासे आणले आणि त्याच संध्याकाळी जुन्या माशांच्या टाकीत सोडले. पाचव्या दिवशी परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. त्यांनी गोड्या पाण्यातील माशांसाठी मिळणारे निळे औषध टाकले. तीन दिवसांत ठिपके नाहीसे झाले, तेव्हा औषध लागू पडले असे समजून ते निर्धास्त झाले. पुढच्या आठवड्यात मात्र सर्वच मासे ठिपक्यांनी भरले आणि दहा दिवसांत टाकी रिकामी झाली. नियमित अंडी देणारी जुनी जोडीही गेली. ठिपके गेले ते औषधामुळे नव्हे. ते आपल्या वेळेनुसार गळून पडले होते आणि टाकीच्या तळाशी वाढत होते.

रोग कसा पसरतो?

या रोगाचे कारण क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स हा एकपेशीय परोपजीवी आहे. कोळंबी संवर्धकांनी येथे गोंधळ करून घेऊ नये. कोळंबीवरील ‘व्हाईट स्पॉट’ हा विषाणूचा रोग असून त्याचा याच्याशी संबंध नाही. गोड्या पाण्यातील माशांवरही असेच ठिपके येतात, पण तो परजीवी वेगळा आहे. तेथे खडे मीठ उपयोगी पडते. समुद्राच्या पाण्यात वाढलेल्या परजीवीला मिठाचे काय?

हा परजीवी माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरून तीन ते सात दिवस पोट भरतो. या काळात त्याच्यावर माशाच्याच कातडीचे पांघरूण असल्याने पाण्यातील औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पूर्ण वाढ झाल्यावर तो मासा सोडून तळाशी जातो, वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती टणक कोष तयार करतो. कोषातही औषध शिरत नाही. कोषात एकाचे शेकडो होतात. हे कोष तीन दिवसांनंतर केव्हाही फुटतात. बहुतेक आठवडाभरात फुटतात, पण काही दोन महिन्यांहून अधिक काळ पडून राहू शकतात. बाहेर पडलेले सूक्ष्म जंतू पोहत जाऊन मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतात. औषधाने मारता येते ती एवढीच अवस्था. परजीवी मासा सोडतो आणि कोष फुटतात ते मुख्यतः अंधारात. त्या वेळी मासे तळाजवळ विसावलेले असतात, म्हणून संसर्ग झपाट्याने वाढतो.

लक्षणे

ठिपके दिसण्याची वाट पाहू नये. पुष्कळदा परजीवी प्रथम कल्ल्यांत शिरतो. मासा भरभर श्वास घेतो, हवेच्या नळीजवळ थांबतो, दगडाला अंग घासतो व खाणे सोडतो. नंतर पर आणि अंगावर सुटे, मोजता येतील असे ठिपके दिसतात.

ठिपके मोजता न येण्याइतके बारीक असतील, जणू अंगावर पिठी उडाली आहे, तर तो ॲमायलूडिनियम समजावा. तो अधिक घातक असून दोन-तीन दिवसांत मासे मारतो. क्लाऊनफिशच्या अंगावर पांढरट चिकट थर सुटून लोंबू लागला तर ब्रूकलिनेला या परजीवीची शंका घ्यावी. त्यावर तांबे उपयोगी पडत नाही, फॉर्मेलिन लागते. फॉर्मेलिन मात्र जाणकाराच्या देखरेखीशिवाय वापरू नये.

टब बदलण्याची पद्धत

नवीन मासा निरोगी दिसला तरी तो थेट जुन्या टाकीत सोडू नये. त्याला आधी खालील पद्धतीने स्वच्छ करून घ्यावे. आमच्या मते लहान संवर्धकास हीच पद्धत सर्वांत सोयीची आहे, कारण तीत औषधच लागत नाही.

सुमारे 40 लिटरचे दोन प्लॅस्टिक टब घ्यावेत. प्रत्येकासाठी हवेची नळी व दगड वेगळे असावेत. तळाशी वाळू घालू नये. आसऱ्यासाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरे. पहिल्या टबात चार-पाच लहान मासे सोडावेत. तिसऱ्या दिवशी, 72 तास पूर्ण होण्याच्या आत, मासे दुसऱ्या टबात न्यावेत. सोबत जुने पाणी शक्य तितके कमी जावे. पहिला टब, नळी, दगड, पाइप आणि जाळी धुऊन उन्हात खडखडीत वाळवावी. सहाव्या व नवव्या दिवशी असेच टब बदलावेत आणि बाराव्या दिवशी मासे स्वच्छ निरीक्षण टाकीत सोडावेत. एकूण चार बदल होतात व टबांसाठी 160 लिटर पाणी लागते.

यामागील हिशेब सोपा आहे. माशावरील परजीवी सात दिवसांच्या आसपास केव्हातरी गळतोच, आणि गळाल्यावर कोष फुटायला किमान तीन दिवस लागतात. कोष फुटण्यापूर्वीच मासा दुसरीकडे गेलेला असतो. म्हणून चौथ्या दिवशी बदलून चालत नाही. लग्नकार्य असो वा बाजार, तो दिवस चुकला तर पहिल्यापासून मोजावे.

नवीन पाण्याचे तापमान व क्षारता जुन्याइतकीच असावी. पाणी भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखापासून दूर घ्यावे व गाळून वापरावे. पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी सौम्य होते, म्हणून क्षारता मोजल्याशिवाय वापरू नये. त्या दिवसांत ऊनही नसते. तेव्हा टब ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन, भरपूर स्वच्छ पाण्याने खळखळून, घरात पूर्ण कोरडा करावा. खाद्य थोडे द्यावे आणि उरलेले लगेच काढावे, कारण या टबात अमोनिया पचविणारे जिवाणू नसतात.

ही पद्धत फक्त याच परजीवीसाठी आहे. ॲमायलूडिनियमचे चक्र अधिक वेगाने फिरते. म्हणून बारा दिवसांनंतरही निरीक्षण टाकीत आणखी दोन आठवडे लक्ष ठेवावे.

तांब्याचा उपचार

मासे जास्त असतील किंवा पिठीसारखे ठिपके दिसले तर तांबे वापरावे लागते. सुपारी व द्राक्ष बागायतदारांना मोरचूद परिचयाचे आहे, परंतु बोर्डो मिश्रणासाठी आणलेले मोरचूद येथे वापरू नये. प्रयोगशाळेच्या दर्जाचे घ्यावे. 3.93 ग्रॅम मोरचूद एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळविल्यास दर मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम तांबे येते. या द्रावणाचे 15 मिलिलिटर 100 लिटर पाण्यास घातले की लिटरला 0.15 मिलिग्रॅम तांबे होते. मात्रा दोन-तीन दिवसांत विभागून द्यावी आणि 0.15 ते 0.20 च्या दरम्यान तीन आठवडे टिकवावी. कमी पडली तर परजीवी मरत नाही, जास्त झाली तर मासा मरतो. खाऱ्या पाण्यातून तांबे लवकर खाली बसते, म्हणून तपासणी संचाने रोज दोनदा मोजूनच पुढची मात्रा द्यावी. संच नसेल तर हा उपचार करू नये. प्रवाळ दगड, शिंपले किंवा वाळू असलेल्या टाकीत तांबे टाकू नये. ते दगडात मुरते, आणि कोळंबी, समुद्रफूल व गोगलगायी मरतात.

पाण्याची क्षारता 35 वरून 15 पर्यंत उतरवून तीन-चार आठवडे ठेवण्याचाही उपाय आहे. मात्र या परजीवीचे काही वाण कमी क्षारतेतही जगतात आणि ॲमायलूडिनियमवर तर त्याचा उपयोगच नाही. क्षारता परत चढविताना चार-पाच दिवस घ्यावेत. लसणाचा रस लावलेले खाद्य मासे आवडीने खातात, पण उपचार म्हणून त्यावर विसंबू नये.

मुख्य टाकीत रोग शिरला असल्यास

सर्व मासे, निरोगी दिसणारेही, बाहेर काढून वरीलप्रमाणे उपचार करावेत. टाकी माशांविना किमान सहा आठवडे आणि शक्य असल्यास अडीच महिने चालू ठेवावी. प्रवाळ व समुद्रफुले आत राहू शकतात, त्यांच्यावर हा परजीवी जगत नाही. या काळात त्या टाकीची जाळी, बादली व नळी दुसरीकडे वापरू नये. रोजची कामे आधी निरोगी टाकीत व शेवटी आजारी टाकीत करावीत. ओला हात एका टाकीतून दुसऱ्या टाकीत घालणे एवढेही रोग नेण्यास पुरेसे असते.