“उद्या काढू” म्हणून ठेवलेला जुगाड : हर्क्युलिस विमानाच्या ३ अपघातांतून दुकानदाराने काय शिकायचं?



आज धंद्याचा धडा विमानाकडून घेऊ. सी-१३० हर्क्युलिस हे अमेरिकन लष्करी मालवाहू विमान १९५४ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याची नवी आवृत्ती, सी-१३०जे, आजही बनते आणि आपल्या हवाई दलाकडेही आहे. इतकं भरवशाचं विमान, तरी अपघात झालेच. माणसं गेली त्या घटनांतून धंद्याचे धडे काढताना संकोच वाटतो. पण अपघाताची चौकशी होते तीच मुळी पुढच्याने शिकावं म्हणून.

१) तात्पुरती सोय काढायची राहिली

२ ऑक्टोबर २०१५. अफगाणिस्तानातलं जलालाबाद, मध्यरात्रीची वेळ. इंजिनं चालू ठेवूनच माल चढवणं सुरू होतं. माल उंच, त्यामुळे शेपटीवरच्या हलत्या पट्ट्या, म्हणजे एलिव्हेटर, वर धरायला हवे होते. त्यासाठी पायलटने योक (विमानाचं स्टिअरिंग) मागे ओढलं आणि ते तसंच राहावं म्हणून पुढे नाइट व्हिजन गॉगलची टणक पेटी अडकवली. काम सोपं झालं. माल चढला. पेटी मात्र तिथेच राहिली, अंधारात कोणाच्या लक्षात आली नाही.

विमान उडालं आणि नाक वरच जात राहिलं. को-पायलटला वाटलं, ट्रिम यंत्रणा बिघडली. म्हणजे निदान चुकलं, मग उपायही चुकला. २८ सेकंदांत विमान कोसळलं. विमानातले ११ आणि जमिनीवरचे ३, असे १४ जीव गेले.

आता माझी गोष्ट. दिवाळीची गर्दी, दुकानात फ्यूज उडाला. मी स्वतः जाड तार घातली आणि म्हटलं, “उद्या वायरमनला बोलावू.” तो उद्या तीन आठवडे आलाच नाही. एका संध्याकाळी बोर्डातून धूर निघाला. मेन स्विच बंद करायला धावलेल्या माझ्या पोऱ्याचा हात भाजला. तो बरा झाला, पण त्याच्या आईसमोर मान वर करायला मला फार दिवस लागले. तार मीच घातली होती आणि ते फक्त मलाच माहीत होतं. चूक नेमकी इथेच होती.

२) गंजावर रंग

१० जुलै २०१७. अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य. मरीन कोअरच्या केसी-१३०टी विमानाच्या पंख्याचं एक पातं हवेतच निखळलं आणि विमानाचे तुकडे झाले. १६ जण गेले. चौकशीत कळलं की पात्याला गंज होता. २०११ मध्ये ते दुरुस्तीला गेलं, तेव्हा गंज पूर्ण न काढताच वर रंगाचा थर चढला. काम नेमकं कोणी केलं हेही सांगता आलं नाही, कारण तेव्हाची कागदपत्रं ठेवलेलीच नव्हती.

आपल्याकडे हा रंग म्हणजे काय? स्टॉक जुळत नाही, म्हणून वहीत आकडा “ॲडजस्ट” करणं. एका गिऱ्हाइकाची तक्रार डिस्काउंट देऊन मिटवणं आणि माल तसाच विकत राहणं.

३) बिघाड दिसला, तरी निघालो

२ मे २०१८. पोर्टो रिको एअर नॅशनल गार्डचं डब्ल्यूसी-१३०एच जॉर्जियातल्या सव्हाना इथून निघालं. हे त्याचं निवृत्तीचं उड्डाण होतं. पहिल्या इंजिनाची तक्रार आधीपासून होती, ती नीट दूर झाली नव्हती. धावपट्टीवरही ते इंजिन डगमगलं, तरी उड्डाण थांबवलं नाही. हवेत इंजिन बंद करावं लागलं, पुढे विमान सांभाळण्यातही चुका झाल्या. ९ जण गेले.

लक्षात ठेवा, थांबण्याची किंमत जमिनीवर सगळ्यात कमी असते. नवी शाखा उघडताना, मोठी ऑर्डर घेताना काही खटकलं, तर ॲडव्हान्स देण्याआधी थांबा. “आता इतकं केलंच आहे” हे पुढे जाण्याचं कारण नाही.

आजचा गृहपाठ

एक साधी वही घ्या. नाव द्या “जुगाड वही”. चार रकाने आखा : काय तात्पुरतं केलं, कोणी केलं, कधी काढणार, काढलं का. रोज शटर उघडण्याआधी ती वाचा, आणि एकट्याने नको, कामगारांसमोर मोठ्याने वाचा. तुम्ही विसरलात तर दुसरा कोणीतरी विचारेल.

जुगाड करू नका असं मी म्हणणार नाही, त्याशिवाय छोटा धंदा चालत नाही. पण प्रत्येक जुगाडाला एक मालक आणि एक तारीख हवी. माझ्या वहीतली पहिली ओळ त्या फ्यूजच्या तारेची आहे. काम कधीच झालंय, पण ती ओळ मी खोडलेली नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर बोर्ड उघडून एकदा बघाच!