ते कधीच रागावत नाही

पालकहो, ‘आमचा मुलगा निबंध मोबाइलकडून लिहून घेतो,’ ही तक्रार आता प्रत्येक पालकसभेत ऐकू येते. तिची मला फारशी काळजी वाटत नाही. तोंडी चार प्रश्न विचारले की लगेच कळतं. (गाइडमधून उतरवलेले निबंध आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं तपासतोच आहोत.) काळजी वाटते ती निबंध लिहून देणाऱ्या त्याच चॅटबॉटला रात्री मुलं जे सांगतात त्याची. मैत्रिणींनी ग्रुपमधून काढलं, गणिताची धास्ती बसली, घरात सारखी भांडणं होतात. हे आपल्याला सांगायला यावं, तर आधी ‘तो मोबाइल ठेव’ ऐकावं लागतं. तिकडे कोणी रागावत नाही, शेजारच्या मुलाच्या मार्कांचा विषय काढत नाही.

यंत्रापाशी असं मन मोकळं करणं नवं नाही. 1966 साली अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम जगापुढे आणला. समोरच्याचंच वाक्य फिरवून त्याला प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची करामत. तो तयार होताना पाहिलेली त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्याच वेळात तिनं साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! जाणत्या बाईची ही गत, तर सातवीतल्या पोरीचं काय?

शिवाय आजचे बॉट माणसांना आवडतील अशी उत्तरं द्यायला शिकलेले. एप्रिल 2025मध्ये एका बदलानंतर चॅटजीपीटी इतकी हांजी हांजी करू लागलं, की ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला तो बदल मागे घ्यावा लागला. मैत्रिणींच्या भांडणात दुसऱ्या मुलीची बाजू त्यानं ऐकलेलीच नसते, तरी ‘तुझंच बरोबर’ म्हणून मोकळं.

चॅटजीपीटीच्या अटींनुसार 13 वर्षांखालच्यांना ते वापरता येत नाही, 18पर्यंत पालकांची परवानगी लागते. मूल बाबांच्या खात्यावरून बोलत असेल, तर यंत्राच्या लेखी समोर बाबाच बसलेले असतात. म्हणून मूल 13 वर्षांचं झालं असेल, तर खरं वय घालून त्याचं वेगळं खातं उघडा. पण चोरून चॅट वाचू नका. मूल तिथलं पुसायला शिकेल, एवढंच होईल. त्यापेक्षा जेवताना विचारा, ‘काय म्हणाला तुझा बॉट? पटलं तुला?’ आणि उत्तर पुरतं संपेपर्यंत सल्ला गिळून टाका.

बोलण्यात ‘जगावंसं वाटत नाही’ असं काही आलं, तर मात्र ‘नाटकं करू नकोस’ म्हणू नका. मुलाला एकटं सोडू नका. सरकारच्या ‘टेली मानस’चा 14416 हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.